‘सुदैवाने जीवितहानी टळली’ असं छापून पिन बदलत नाही

गेले आठ दिवस माझ्या टेबलावर लोखंडाचा एक तुकडा पडलाय. बोटभर जाडीचा, मधोमध झिजलेला, एका टोकाला वाकून तुटलेला. पोरगं विचारतंय, पप्पा हे काय आणून ठेवलंय? त्याला सांगितलं, ही परवाची बातमी आहे.

झालं असं. रात्री दहाच्या सुमाराला उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आमच्या गावचा ओढ्याचा चढ चढत होता. अर्ध्या चढावर मागची ट्रॉली सुटली आणि उलटी घरंगळत खाली आली. रस्त्याकडेची चहाची टपरी तिनं आडवी केली आणि एका सायकलचा चेंदामेंदा करून थांबली. टपरी नऊला बंद होते. ती उघडी असताना तिथल्या बाकड्यावर सात-आठ माणसं कायम असतात. त्यात बऱ्याचदा मीपण असतो.

मी गेलो तेव्हा ड्रायव्हर रस्त्यातच डोक्याला हात लावून बसला होता. बावीस-तेवीसचं पोरगं. म्हणालं, “दादा, पिन हरवली होती. नटबोल्टच्या डब्यात जो बोल्ट सापडला तो टाकला. चार खेपा व्यवस्थित झाल्या की त्याच्यावर.”

चार झाल्या, पाचवी झाली नाही. तो बोल्ट मी उचलून आणला.

दुसऱ्या दिवशी मी बातमी दिली. सहा ओळींची. शेवटचं वाक्य तुम्हाला पाठ असेल, ‘सुदैवाने जीवितहानी टळली.’ वीस वर्षं मी हे वाक्य लिहितोय. आणि जेव्हा जीव गेला तेव्हा लिहिलंय, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. चालकाचं नियंत्रण का सुटलं, पिन कसली होती, ट्रॉलीत किती टन होतं, ते वजन कुठं बसलं होतं, हे एकदाही विचारलं नाही. डिप्लोमाला शिकवलं होतं की बातमीत ‘का’ आणि ‘कसं’ असायला पाहिजे. हंगामाच्या गडबडीत ते दोन्ही राहून गेले. म्हणून आज जरा लांबलचक लिहितोय. वेळ काढून वाचा, कारण मार्च-एप्रिलपर्यंत आपल्या सगळ्यांना याच रस्त्यावरून जायचंय.

योगायोग बघा. त्याच आठवड्यात टेक्सासमधल्या माझ्या आतेभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्यानं ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ घेतलाय. म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. पिकअप गाडीच्या मागं जोडायचं आणि सुट्टीत फिरायला जायचं. मी म्हटलं, भारी आहे. तर तो म्हणाला, “दादा, ट्रेलर एका दिवसात पसंत केला. जोडणी कुठली घ्यायची हे ठरवायला तीन आठवडे लागले.”

जोडणीत काय एवढं असतं? त्यानं सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं, कारण मला सारखा ओढ्याचा चढ आठवत होता.

त्याचा ट्रेलर सामान भरून साधारण तीन टनांचा. असा ट्रेलर नीट चालायचा असेल तर त्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढं, गाडीच्या हुकावर यावा लागतो. म्हणजे तीनशे ते साडेचारशे किलो. त्याहून कमी आला तर ट्रेलर मागं शेपटीसारखा डुलायला लागतो. आणि आला तर तो भार गाडीच्या मागच्या चाकांच्याही मागं लटकतो. गाडीचं ढुंगण खाली बसतं, नाक वर होतं, पुढची चाकं हलकी पडतात. स्टिअरिंग सैल लागतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यात जातात.

यावर तिकडं वजन वाटून देणारी जोडणी मिळते. हुकापासून ट्रेलरच्या दांडीखाली दोन जाड स्प्रिंग बार जातात. ते ताणून बसवले की तरफेसारखं काम करतात आणि मागच्या चाकांवर पडलेला भार काही पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. गाडी परत सपाट होते.

मग निवडायची कशी? एक, हुकावर किती भार येतो ते सामान भरून मोजायचं. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. गॅसच्या टाक्या, बॅटरी, पाणी, कपडे, भांडी यांनी तो वाढतो. दोन, त्या भाराला जुळणारेच बार घ्यायचे. कमी ताकदीचे घेतले तर उपयोग नाही आणि उगाच जास्त ताकदीचे घेतले तर हादरे बसतात. तीन, पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची ट्रेलर जोडण्याआधी आणि जोडल्यावर टेपनं मोजायची. जोडणी बरोबर बसली असेल तर नाक जवळपास पहिल्या उंचीवर येतं. चार, ट्रेलर डुलू नये म्हणून रोखणारी सोय त्याच जोडणीत आहे का ते बघायचं. आणि पाच, ही जोडणी लावली म्हणून गाडीची ओढायची ताकद वाढत नाही. गाडी, हुक, गोळा, बार, साखळी यातलं जे सगळ्यात कमजोर, तीच सगळ्यांची मर्यादा.

हे सगळं करून तो हायवेवरच्या ट्रकच्या काट्यावर गेला आणि गाडीच्या प्रत्येक ॲक्सलचं वजन काढून आला. शिवाय खालून फुलीसारख्या दोन साखळ्या. शिवाय ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आणि एक बारीक वायर. ट्रेलर सुटलाच तर ती वायर ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

तीन टनांसाठी एवढं. आणि आपल्याकडं वीस-पंचवीस टन उसाला डब्यातला बोल्ट.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेचं कौतुक सांगू नका, तिकडची हौस वेगळी, इकडचं पोट वेगळं. मान्य. ते स्प्रिंग बार आणून आपल्या ट्रॅक्टरला लावा असं मी म्हणतच नाही. ट्रॅक्टर म्हणजे पिकअप नव्हे. त्याला मागं पाटे नसतात, हुक खाली आणि ॲक्सलच्या जवळ असतो. पण वजनाचं गणित दोन्हीकडं एकच आहे, ते टेक्सासला एक आणि आपल्या ओढ्याच्या चढाला दुसरं होत नाही. ते गणित समजून घ्यायला मी आमच्या इथल्या ट्रॉल्या बनवणाऱ्या मिस्त्रींकडं जाऊन बसलो. तीस वर्षं वेल्डिंग करतायत. त्यांनी जमिनीवर खडूनं काढून दाखवलं.

पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा. त्यातले आठशे किलो पुढच्या चाकांवर धरा, बाकी मागं. हुक मागच्या ॲक्सलच्या साठ सेंटिमीटर मागं आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दोन मीटर. आता दोनचाकी ट्रॉलीनं हुकावर एक टन भार टाकला, तर पुढच्या चाकांवरचे तीनशे किलो कमी होतात. उरले पाचशे. चालतं. तोच भार दोन टन झाला तर सहाशे कमी, उरले दोनशे. हे सपाट रस्त्यावर, ट्रॅक्टर उभा असताना. चढावर क्लच सोडला, ओढ बसली की ते दोनशेही जातात आणि पुढची चाकं हवेत.

ट्रॅक्टरचं जेवढं वजन त्याच्या निदान वीस टक्के पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग नावालाच, असा जाणकारांचा हिशेब असतो. म्हणजे दोन टनांच्या ट्रॅक्टरला चारशे किलो. आपण काय करतो? पुढं बंपरवर दोन माणसं बसवतो! प्रत्येकानं बघितलंय हे. ट्रॅक्टर उचलला तर पहिले जाणार ते दोघं. कंपनीची पुढं लावायची वजनं मिळतात, ती लावायची सोडून माणसं लावायची.

मग पुढचा भार कमी करायला ऊस मागं सरकवून भरला तर? मिस्त्री म्हणाले, “मग उलटा धोका. मागं जास्त भरला की ट्रॉलीची दांडी वर उचलायला बघते. ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. आणि आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक असतात फक्त मागच्या चाकांना!” उतारावर हेच होतं. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, चाकं घसरतात, मागून ट्रॉल्या ढकलत येतात आणि ट्रॅक्टर मधेच मुडपतो. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतातच.

दुसऱ्या ट्रॉलीचं तर कुणी धरतच नाही. तिची दांडी पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या टोकावर टेकते. तिथं पाचशे किलो भार आला आणि ते टोक पहिल्या ट्रॉलीच्या ॲक्सलपासून दोन मीटर मागं, दांडीचा हुक चार मीटर पुढं असेल, तर ट्रॅक्टरच्या हुकावरचे अडीचशे किलो उचलले जातात. म्हणजे मागची ट्रॉली कशी भरली यावर पुढच्या ट्रॅक्टरचा ब्रेक ठरतो. फडात मोळ्या रचणाऱ्या टोळीला हे कुणी सांगितलंय? बीडकडनं आलेली ती माणसं पहाटेपासून वाकलेली असतात. ती बिचारी ट्रॉली भरतात आणि बऱ्याचदा त्याच उसावर बसून तळावर येतात, लेकरांसकट. जोडणी निसटली तर पहिला हिशेब त्यांचा होतो.

चारचाकी ट्रॉली, म्हणजे पुढची चाकं वळणारी, तिचा भार तिच्याच चाकांवर राहतो, हुकावर जवळपास येत नाही. तिथं पुढून उचलण्याची भीती कमी. पण ओढ तेवढीच, ढकल तेवढीच, आणि पिन तीच.

पिनेबद्दल मिस्त्रींचं म्हणणं तुम्ही आपापल्या ट्रॅक्टरवाल्याला वाचून दाखवा. पिन भोकाच्या मापाचीच पाहिजे. बारीक पिन मोठ्या भोकात प्रत्येक खड्ड्याला हातोड्यासारखी आपटते, ती झिजते आणि भोकही लांबट होतं. लांबट झालेल्या भोकाला नवी पिन टाकून उपयोग नाही, ते भरून पुन्हा मापाचं करून घ्यायला लागतं. पिन कडक पोलादाची पाहिजे. साधा बोल्ट किंवा सळईचा तुकडा दिसायला तसाच, पण तो आतून कधी गेला ते कळत नाही. खाली लॉक पाहिजेच, नाहीतर पिन उड्या मारत वर येते आणि निघून जाते. साखळी दोन्ही जोडांना, ट्रॅक्टर ते पहिली ट्रॉली आणि पहिली ते दुसरी. ती ट्रॉलीचं वजन पेलणारी पाहिजे, म्हशीची नव्हे. रस्त्यावर आल्यावर ब्रेकचे दोन्ही पेडल एकत्र अडकवायचे. शेतात वळायला ते सुटे केलेले असतात आणि तसेच राहतात. मग घाईत एकच दाबला जातो आणि ट्रॅक्टर एका बाजूला फिरतो. आणि चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना साखळी कधीही वरच्या टॉप लिंकच्या जागी बांधायची नाही. ओढ जेवढी उंचावर तेवढा ट्रॅक्टर मागं उलटायला सोपा. उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

यातलं काहीच महाग नाही. चांगली पिन, लॉक आणि साखळी यांचा खर्च टायरच्या खर्चापुढं काहीच नाही. मग होत का नाही?

वाहतूकदाराला शिव्या घालणं सोपं आहे. त्याचीही बाजू ऐका. त्याला पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर. मुकादमाला लाखांनी उचल दिलेली, ती टोळी आली तर आली, नाहीतर पैसे बुडाले. अशी बुडालेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तो म्हणतो, चार खेपांचा माल तीन खेपांत नेला तर एका खेपेचं डिझेल वाचलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तसंच केलं असतं. म्हणून नुसता उपदेश करून काही होणार नाही. जिथून पैसा सुटतो तिथं बोललं पाहिजे.

पैसा सुटतो काट्यावरून. जरा विचार करा. पोलिसाला ओव्हरलोड आहे की नाही हे नजरेनं ठरवायला लागतं. आरटीओला गाडी थांबवून काट्यावर न्यायला लागते. पण कारखान्याच्या गेटवर प्रत्येक ट्रॅक्टरचं वजन, प्रत्येक खेपेला, किलोपर्यंत, नंबरासकट कॉम्प्युटरमध्ये नोंदलं जातं. आपल्या तालुक्यात ओव्हरलोडची सगळ्यात खात्रीची माहिती कुठं असेल तर ती साखर कारखान्याच्या काट्यावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार असा दंड आहे. तो आकडा रोज गेटवर छापला जातो, आणि त्याच जादा टनाचं वाहतूक बिलही निघतं! म्हणजे कायदा ज्याला दंड म्हणतो, त्याला आपली व्यवस्था मोबदला देते.

आणि हे बिल भरतं कोण? कारखाना नव्हे. एफआरपीतून तोडणी-वाहतूक कापली जाते. शेतकरी भरतो. त्या ट्रॉलीच्या पिनेवर बोलायचा पहिला अधिकार ऊस उत्पादकाचा आहे. त्याला सभेत साखरेच्या उताऱ्यावर बोलायला दोन मिनिटं मिळतात. त्यातलं अर्धं मिनिट यासाठी काढा.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

पहिली. वाहतूक करार करतानाच कारखान्यानं ट्रॅक्टर-ट्रॉलीची जोडणी तपासावी. पिन, भोक, लॉक, दोन्ही साखळ्या. पास झाली तर ट्रॉलीवर नंबर मारावा. त्या नंबराशिवाय गेटवर एंट्री नाही. हंगामाच्या मध्यात परत एकदा तपासणी, कारण झीज तोवर झालेली असते.

दुसरी. प्रत्येक ट्रॉलीला टनाची मर्यादा आणि त्यावरच्या टनाला वाहतूक भाडं शून्य. उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण मिळालेच पाहिजेत, त्याची काही चूक नाही. फक्त जादा टन ओढण्यात वाहतूकदाराचा फायदा राहता कामा नये. पण हे करायचं तर वाहतुकीचा दरही परवडेल असा ठेवावा लागेल. नाहीतर एका हातानं नियम आणि दुसऱ्या हातानं तो मोडायची सक्ती, असं होईल.

तिसरी. हंगामात एक दिवस काट्यावर हुकाचा भार मोजून दाखवा. ट्रॉली जोडलेली ठेवून नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्यायचा, ट्रॉलीची चाकं बाहेर. मग ट्रॉली सोडून परत मोजायचा. दोन्हीतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मग नुसती पुढची चाकं काट्यावर घेऊन तसंच. दहा मिनिटांचं काम. ड्रायव्हर पोरांना एकदा तो आकडा डोळ्यांनी दिसला की भाषणाची गरज नाही. आणि मुकादमांनाही बोलवा, भरताना पुढं-मागं कसं बघायचं ते त्यांनाही कळू दे.

रिफ्लेक्टर लावतात, चांगलंच आहे, लावलेच पाहिजेत. ट्रॉलीवरच्या मोठ्या आवाजाच्या गाण्यांवर आपण सगळेच बोलतो, त्यावर मीही दोनदा लिहिलंय. पण रिफ्लेक्टर मागच्याला ट्रॉली दाखवतो, ती धरून ठेवत नाही.

टपरीवाल्या काकांनी पत्रे ठोकून परत टपरी उभी केली. बाकडं मात्र आता रस्त्याच्या बाजूला नाही, मागं भिंतीकडं टाकलंय. काल चहा घेताना म्हणाले, “तुम्ही छापलंत, जीवितहानी टळली म्हणून. बरं वाटलं वाचून. पण त्या पोरानं पिन बदलली का हो?”

मी चौकशी केली. त्यानं नवी पिन घेतलीय, लॉकसकट. साखळी अजून नाही.

तो तुटका बोल्ट मी जपून ठेवलाय. कारखान्याच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत तो व्यासपीठावरच्या टेबलावर ठेवायचा विचार आहे. तोवर तुमच्या घरचा, भावकीतला, शेजारचा जो कुणी ट्रॅक्टर चालवत असेल, त्याला आज रात्री एवढंच विचारा, बाबा, तुझ्या ट्रॉलीत पिन कसली आहे?